पाच किलोचा घोडा

निवडणूक जाहीर झाली की गोंदिया जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत एक निराळीच आवक सुरू होते. बाजार समितीच्या आवारात धान उतरतं, इथे लोखंड उतरतं. जिल्ह्याच्या छाननी समितीने ज्यांना शस्त्र जमा करायला सांगितलं असेल ते परवानाधारक आपापलं शस्त्र कापडात गुंडाळून आणतात. अंमलदार नंबर ताडून पाहतो, वहीत नोंद करतो, पावती फाडतो. सालेकसा, देवरीकडच्या शेतकऱ्याच्या हातात असते पिकाच्या राखणीची भरमार. नळीच्या तोंडातून दारू ठासायची आणि बांधीत शिरलेल्या रानडुकरांना पिटाळायचं, एवढंच तिचं काम. गोंदिया किंवा तिरोड्याच्या एखाद्या गिरणीमालकाच्या पिशवीतून मात्र रिव्हॉल्व्हर निघतं. जुनं, काळं, मुठीवरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेलं.

असंच एक रिव्हॉल्व्हर माझ्या ओळखीच्या एका गिरणीमालकांकडे आहे. वडिलांच्या मागे रीतसर वारस म्हणून परवाना यांच्या नावावर झाला, आणि त्याबरोबर विलायती वेब्ली कंपनीचं बत्तीस बोअरचं हे हत्यारही आलं. कॉलेजात मी एनसीसीत होतो आणि पुढे काही वर्षं छऱ्याच्या पिस्तुलाने कागद फोडले, एवढ्या भांडवलावर ते मला या विषयातला जाणकार समजतात. ठाण्यात शस्त्र जमा करायला निघाले असताना ते म्हणाले, “भाऊ, याचा घोडा भल्लाच जड आहे गा. कोणी जरासा हलका करून देणारा माहीत आहे का? नेम लागतच नाही.”

या एका वाक्यात तीन प्रश्न आहेत. घोडा जड का असतो, तो हलका केला तर नेम लागतो का, आणि हलका करायचा कुणी? मला त्यांना तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. बोलण्यात आपण ‘घोडा दाबला’ म्हणतो, पण बोटाने दाबतो तो चाप. घोडा म्हणजे मागच्या बाजूला उभा राहणारा आणि चाप ओढल्यावर काडतुसाच्या बुडावर आपटणारा हातोडा. ठासणीच्या बंदुकीत तो ठसठशीत दिसायचा, म्हणून सगळ्या यंत्रणेलाच त्याचं नाव पडलं. नळीच्या टोकावरच्या नेमाच्या उंचवट्याला मराठीत माशी म्हणतात, हाही जुनाच शब्द. माशी मागच्या खाचेत मधोमध बसवायची, तिचा माथा खाचेच्या काठाला समपातळीत आणायचा, आणि ती जागची हलू न देता चाप ओढायचा. नेमबाजीचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे. अवघड आहे ते ‘हलू न देता’.

रिव्हॉल्व्हरच्या चापावर कामाचा बोजा किती असतो ते पाहा. घोडा खाली असताना चाप ओढला, की आतला एक लहानसा पंजा सिलिंडरला ढकलतो आणि ते एक घर पुढे फिरतं. नवं काडतूस नळीच्या रेषेत आलं की एक खुंटी खालून वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसते, म्हणजे ते जागेवर पक्कं होतं. त्याच ओढीत घोडा मागे उचलला जातो आणि मुठीतली कमान दबते. शेवटी घोडा सुटतो. चार कामं, एक बोट. याला डबल ॲक्शन म्हणतात. दुसरी तऱ्हा म्हणजे अंगठ्याने घोडा आधीच मागे चढवून ठेवायचा. मग सिलिंडर फिरवण्याचं आणि कमान दाबण्याचं काम अंगठ्याने उरकलेलं असतं, चापाला फक्त घोडा सोडायचा असतो. ही सिंगल ॲक्शन. एकच हत्यार, पण पहिल्या तऱ्हेत चाप लांब आणि जड लागतो, दुसऱ्या तऱ्हेत आखूड आणि हलका.

जड म्हणजे किती? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी सैन्याच्या हातात असलेलं एनफील्ड नंबर दोन घ्या. त्याची डबल ॲक्शनची ओढ पाच ते सहा किलोंच्या घरात होती, आणि हत्याराचं वजन साधारण पाऊण किलो. पाऊण किलोची वस्तू हवेत स्थिर धरायची आणि तिच्याच एका भागावर तिच्या वजनाच्या सात-आठ पट जोर लावायचा. तोही सरळ मागे, डावीउजवीकडे तसूभर न ढळता. इथे बोट हत्याराला हलवणारच. याउलट पंचवीस मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत जड असू शकतं आणि त्याच्या चापाला किमान १००० ग्रॅमची ओढ असावी लागते. म्हणजे जवळजवळ बरोबरीचा मामला. रिव्हॉल्व्हरचा नेम का लागत नाही, याचं निम्मं उत्तर या दोन गुणोत्तरांत आहे.

गिरणीमालकांना हे पटवायला मी त्यांच्याच गिरणीतली चिन्नोर तांदळाची पाच किलोची पिशवी घेतली, सुतळीने बांधली आणि म्हटलं, तर्जनीच्या पहिल्या पेरावर टांगा, हात पुढे करा, आणि मनगट न हलवता बोट आवळा. पिशवी उचलली गेली, पण मनगटही डावीकडे वळलं. हमाल हसले. उजव्या हाताने मारणाऱ्या नवख्याच्या गोळ्या डावीकडे खाली का जमतात, ते मला पुढे सांगावं लागलं नाही.

आता उरलेलं निम्मं उत्तर, म्हणजे थोडं गणित. समजा माशी आणि खाच यांच्यात १२० मिलिमीटरचं अंतर आहे. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचं साधारण तेवढंच असतं. चाप ओढताना माशी खाचेच्या मधून फक्त एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी आठ सेंटिमीटरने चुकते आणि पंचवीस मीटरवर जवळजवळ एकवीस सेंटिमीटरने. स्पर्धेच्या पिस्तुलात हे अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर ठेवता येतं. पंचवीस मीटरच्या अचूक नेमाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यात राहायचं तर त्या लांब पिस्तुलावरसुद्धा माशीला पाव मिलिमीटरही चुकायची मुभा नाही. म्हणून जुनं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन ‘याची नळीच वाकडी आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाकडे मी जरा संशयाने पाहतो. नळी वाकडी असण्यापेक्षा मनगट वाकडं होण्याची शक्यता कितीतरी जास्त.

सैन्याच्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असायचा तो कारागिराच्या आळसामुळे नव्हे. चिखल, गंज, थंडीत घट्ट झालेलं तेल आणि काडतुसाच्या बुडातली कडक टोपी, या सगळ्यांवर मात करून घोड्याने टोपी फोडलीच पाहिजे, म्हणून कमान दणकट. शिवाय घाबरलेल्या, थकलेल्या माणसाचं बोट चुकून चापावर पडलं तरी गोळी सुटू नये. वजन हीच तिथे सुरक्षा होती.

शिपायाच्या बोटाला आवर घालण्याचा हा विचार रशियात आणखी टोकाला गेला. बेल्जियममधल्या लीएजच्या लेओन नागां यांनी बनवलेलं सात गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर झारच्या सैन्याने १८९५मध्ये स्वीकारलं, आणि पुढे तूला इथल्या कारखान्यात ते भरमसाट संख्येने निघालं. त्याच्या दोन जाती होत्या. अधिकाऱ्यांना मिळणारं डबल ॲक्शनचं, साध्या शिपायाचं मात्र मुद्दाम सिंगल ॲक्शनचंच. दर गोळीला घोडा अंगठ्याने चढवावा लागला तर शिपाई दारूगोळा उधळणार नाही, असा हिशोब! चापाच्या रचनेतून माणसाची पत ठरवण्याचा हा नमुना मला फार बोलका वाटतो.

नागांचा चाप जगातल्या सर्वांत जड चापांपैकी एक म्हणून बदनाम आहे, आणि त्यामागे मोठी हुशारी आहे. कुठल्याही रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात एक बारीक फट ठेवावी लागते, नाहीतर सिलिंडर फिरणारच नाही. गोळी सुटते तेव्हा त्या फटीतून तप्त वायू बाजूला निसटतो. नागां यांनी सिलिंडर नुसतं फिरवलं नाही, तर पुढे सरकवून नळीला भिडवलं. त्याच्या काडतुसात गोळी पितळी टोपणाच्या पूर्ण आत बुडालेली असते, आणि टोपणाचं तोंड नळीत शिरून फट बुजवतं. पण हा सरकवण्याचा भारही चापावरच पडला. चार कामं होती, त्यात पाचवं आलं. शीतयुद्ध संपल्यावर ही रिव्हॉल्व्हरं गोदामांतून बाहेर पडली आणि अमेरिकेत काही वर्षं शंभर डॉलरच्या आसपास मिळू लागली. ‘स्वस्तातलं सैनिकी हत्यार घ्या आणि त्याचा चाप सुधारा’ हा छंद तिकडे मुख्यतः या नागांमुळे फोफावला. गंमत म्हणजे, हत्यार मुळात बेनेम नव्हतं. तूलाच्याच कारागिरांनी त्याच फट बुजवण्याच्या तत्त्वावर नंतर खास नेमबाजीची रिव्हॉल्व्हरं घडवली. दोष नळीत नव्हता, बोटाकडून अपेक्षा फार होती एवढंच.

आपल्याकडे मात्र ‘स्वस्तातलं सैनिकी रिव्हॉल्व्हर’ हा शब्दप्रयोगच फसवा. सैन्याच्या ०.३८० आणि ०.४५५च्या काडतुसांवर चालणारी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअरच्या वर्गात मोडतात, सामान्य परवान्यावर ती मिळत नाहीत. म्हणून महायुद्धानंतर ढिगाने उरलेली एनफील्डं भारतीय घरांत आली नाहीत. आली ती बत्तीस बोअरची नागरी हत्यारं. त्यात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला परदेशी शस्त्र आणण्याची दारं जवळपास बंद झाली. सवलत उरली ती मुख्यतः नामांकित नेमबाजांना. मग आधीपासून देशात असलेल्या जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरांना सोन्याचा भाव आला. तिकडे जे गोदाम रिकामं करायला विकलं गेलं, ते इकडे लाखांत जातं. चांदीच्या ताटासारखं वारसाहक्काने येतं आणि चांदीच्या ताटासारखंच वापराविना पडून राहतं.

सरकारी पर्याय म्हणजे कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्याचं बत्तीस बोअरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. त्याची ठेवण वेब्लीच्या चौथ्या नमुन्यावरून घेतलेली, मधून मोडून उघडणारी. म्हणजे आमच्या गिरणीमालकांचं हत्यार आणि आजचं सरकारी हत्यार यांचं गोत्र एकच. २०१४मध्ये कानपूरच्याच एका सरकारी कारखान्याने टायटॅनियमच्या मिश्रधातूचं ‘निर्भीक’ आणलं, महिलांसाठी म्हणून, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पर्समध्ये मावण्याची सोय झाली हे खरं. पण वरचं गुणोत्तर आठवा: हत्यार जितकं हलकं, तितकं ते बोटाच्या ओढीने जास्त हलणार आणि गोळी सुटल्यावर जास्त उसळणार. वाहायला सोपं ते मारायला अवघड. जाहिरातीत ही ओळ नसते.

बत्तीस बोअरबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. या रिव्हॉल्व्हरांत चालणारं ‘बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग’ हे काडतूस १८९६चं, म्हातारं आणि सौम्य. लोक त्याला नावं ठेवतात. पण पंचवीस मीटर सेंटर-फायर या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली कितीतरी उंची पिस्तुलं नेमकं हेच काडतूस खातात, फक्त त्यात पुढून सपाट असलेली गोळी असते, म्हणजे कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाहीत. झटका कमी आणि गोळी एकसारखी, याहून नेमबाजाला दुसरं काय हवं? २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी याच प्रकारात ६००पैकी ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. आपल्या घरातल्या वेब्लीचं काडतूस या कुळातलं आहे, हे ऐकून गिरणीमालकांची छाती दोन इंच फुगली. मीही ती फुगू दिली.

काडतुसाचा आणि नेमाचा आणखी एक संबंध आहे, तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. रिव्हॉल्व्हरची माशी बहुधा पक्की बसवलेली असते आणि ती एका ठरावीक वजनाच्या गोळीसाठी ठरवलेली असते. जड गोळी नळीतून सावकाश जाते; तोवर झटक्याने नळीचं तोंड वर उचललं गेलेलं असतं, म्हणून ती वर लागते. हलकी, वेगवान गोळी आधीच निसटते आणि खाली लागते. ब्रिटिशांच्या ०.३८च्या काडतुसात आधी २०० ग्रेनची, म्हणजे तेरा ग्रॅमची, शिशाची गोळी होती. नंतर तिच्या जागी १७८ ग्रेनची, धातूचं कवच असलेली गोळी आली. हत्यार तेच, माशी तीच, गोळी बदलली. तेव्हा ‘हे रिव्हॉल्व्हर खाली मारतं’ ही तक्रार हत्याराची नसून पेटीतल्या काडतुसांची असू शकते. आपल्याकडच्या काडतुसाच्या बुडावर बहुधा ‘के. एफ.’ अशी अक्षरं असतात. ती किर्कीची, म्हणजे १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. वडिलांच्या काळातली, कपाटात तीस पावसाळे काढलेली काडतुसं आणि नवी काडतुसं मिसळून मारली आणि गोळ्या विखुरल्या, तर चापाला दोष देण्यात अर्थ नाही. हिरवट बुरा चढलेली जुनी काडतुसं तर मारूच नयेत. दारूशी हलगर्जी परवडत नाही, हे आमच्या भागाला वेगळं सांगायला नको. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ला स्फोट झाला आणि आठ कामगार गेले, ते अजून सगळ्यांना आठवतं.

रिव्हॉल्व्हरच्या अचूकतेला आणखी एक कुलूप आहे, ते सिलिंडरचं. पिस्तुलात काडतुसाचं घर एकच आणि ते नळीचाच भाग असतं. रिव्हॉल्व्हरमध्ये घरं सहा, आणि प्रत्येकाने आपली पाळी आली की नळीच्या बरोबर समोर उभं राहायचं. खुंटी झिजली, तिची खाच रुंदावली, मधला आस सैल झाला, तर एखादं घर केसभर बाजूला उभं राहतं. मग गोळी नळीच्या तोंडावर घासून, थोडी सोलून आत शिरते. अशा हत्यारात सहापैकी पाच गोळ्या एकत्र आणि सहावी दर वेळी त्याच बाजूला जाते. जुन्या नेमबाजांना ही खोड माहीत असे. ते घरांना खुणा करून कोणतं घर नाठाळ आहे ते शोधत. हा दोष आहे का, हे तपासणं शस्त्रकारागिराचं काम, आणि चाप हलका करण्याच्या कितीतरी आधी करायचं काम. सिलिंडर खुळखुळत असेल तर चाप लोण्यासारखा करून काय उपयोग?

आता मूळ मागणी: ‘जरासा हलका करून द्या.’ घोडा आणि चाप एकमेकांना जिथे अडतात ती जागा नखाच्या कडेएवढी असते. चढवलेला घोडा त्या एवढ्याशा आधारावर उभा असतो. जुन्या बनावटीच्या अनेक हत्यारांत त्या पोलादाला फक्त वरून कडक कातडी दिलेली असते, आतलं पोलाद मऊ. कानस घेऊन बसणाऱ्याला खरखर गेल्याचा, चाप गुळगुळीत झाल्याचा आनंद होतो. पण कातडी गेलेली असते. मऊ पोलाद दर खेपेला थोडं थोडं झिजतं, आणि एक दिवस चढवलेला घोडा हात न लावता सुटतो. कमान मऊ करण्याची तीच कथा. चाप हलका लागतो, आणि घोड्याची टक्करही हलकी पडते. टोपी कधी फुटते, कधी नाही, कधी क्षणभर उशिरा फुटते. तो उशीर सर्वांत वाईट, कारण तोपर्यंत माणसाने ‘काय झालं बरं’ म्हणून नळी आपल्याकडे वळवलेली असते.

हे फक्त गल्लीतल्या मिस्त्रीच्या हातून होतं असं नाही. एनफील्डचीच गोष्ट बघा. ब्रिटिश सरकारने वेब्लीचं डिझाइन पाहून, थोडं फिरवून, स्वतःच्या कारखान्यात रिव्हॉल्व्हर बनवायला घेतलं. वेब्ली कंपनीने २२५० पौंडांचा दावा लावला, तो फेटाळला गेला, आणि शेवटी तिच्या पदरात भरपाईचे १२५० पौंड पडले. पुढे १९३८मध्ये त्यात बदल झाला. रणगाड्यातल्या शिपायांची तक्रार होती की घोड्याचं मागचं शेपूट आतल्या वस्तूंत अडकतं. शेपूट छाटलं, सिंगल ॲक्शन रद्द केली आणि तोल साधायला कमान थोडी हलकी केली. इथवर ठीक. पण महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२च्या सुमारास, उत्पादन वाढवण्यासाठी आतला एक सुरक्षेचा अडसरही गाळला गेला. तो होता म्हणून हत्यार हातातून पडलं तरी घोडा टोपीपर्यंत पोहोचत नसे. अडसर नसलेली ती हत्यारं पडली तर फुटू शकत होती, आणि युद्ध संपल्यावर ती परत मागवून दुरुस्त करावी लागली. सरकारी कारखाना, शिकलेले अभियंते, मोजमापाची सगळी साधनं, आणि एक तुकडा कमी केल्यावर ही गत. तिथे दोन कानशी आणि पॉलिश पेपरवाल्याचा काय पाड?

कायद्याच्या नजरेतही ‘जरासं’ हा शब्द नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचं पाचवं कलम शस्त्रं बनवण्याबरोबर त्यांची दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी या कामांनाही परवाना लागतो असं सांगतं. हत्यार बाळगण्याचा परवाना वेगळा, ते उघडून दुरुस्त करण्याचा वेगळा. म्हणजे ओळखीचा लेथवाला कितीही कसबी असो, त्याच्याकडे हे काम नेणं हा दोघांसाठी गुन्हा. नेमबाज स्वतःच्या पिस्तुलाचा चाप बसवतात ना, असं कुणी विचारेल. बसवतात, पण ती पिस्तुलं मुळात तशीच घडवलेली असतात: चापाचं वजन, लांबी आणि तो कुठे थांबावा हे ठरवायला त्यांत कारखान्यानेच स्क्रू दिलेले असतात. आणि तरीही स्पर्धेच्या दिवशी पंच त्यांचं पिस्तूल नळी वर करून उभं धरायला लावतात, चापाला १००० ग्रॅमचं वजन टांगतात आणि ते टेबलावरून अलगद उचलायला सांगतात. वजन उचललं जाण्याआधी घोडा सुटला तर पिस्तूल बाद. जिथे एकेक ग्रॅमवर पदकं ठरतात तिथेही चाप एका मर्यादेखाली नेऊ देत नाहीत.

आणि ती मर्यादा पाळून काय करता येतं हे कोल्हापूरच्या राही सरनोबतने दाखवलं. २०१८च्या आशियाई स्पर्धेत, इंडोनेशियातल्या पालेमबांगला, पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत ती आणि थायलंडची स्पर्धक ३४-३४वर थांबल्या. पहिल्या शूट-ऑफमध्येही बरोबरी. दुसऱ्यात राहीने सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात हात खाली, पंचेचाळीस अंशांत ठेवायचा असतो. खूण मिळाली की तीन सेकंदांत हात उचलायचा, माशी खाचेत बसवायची आणि किलोभराचा चाप असा ओढायचा की माशीला कळू नये. अंतिम फेरीत १०.२च्या आत लागली तरच गोळी धरतात, नाहीतर शून्य. तीन सेकंदांत घाई न करणं, हे कसब कानशीने मिळत नाही.

गिरणीमालकांना मी शेवटी जे सांगितलं ते त्यांना फारसं आवडलं नाही. हत्यार परवाना असलेल्या कारागिराकडून आधी साफ आणि तपासून घ्या. जुन्या हत्यारांच्या जड चापात पन्नास वर्षांचं चिकटलेलं तेल आणि धूळ यांचा वाटा बराच असतो, आणि तो वाटा कानस न लावता निघतो. काडतुसं एकाच बनावटीची घ्या. मूठ तुमच्या पंजाला लहान आहे, बोट चापावर तिरकं पडतं, तेही कारागिराला दाखवा. आणि सरावाला जायचं तर मान्यताप्राप्त रायफल क्लबात जा, तिथे आधी छऱ्याचं पिस्तूल हातात देतील, ते मुकाट्याने घ्या.

“म्हणजे घोडा हलका होणार नाहीच?”

“घोडा नाही, दादा. बोट.”

त्यांनी पावती घडी घालून खिशात ठेवली. रिव्हॉल्व्हर एक, काडतुसं नऊ, असं तिच्यावर लिहिलं होतं. परत न्यायला मतमोजणीनंतर यायचं होतं. गिरणीत गेलो तेव्हा चिन्नोरची ती पिशवी अजून सुतळीसकट गादीजवळ होती, आणि जाता येता एक हमाल ती तर्जनीवर टांगून मनगट सरळ राहतं का ते पाहत होता. त्याचं राहत होतं.